साडेसात हात कुठे गेले

प्रफुल्ल सरांना 'समजलं' या शब्दाची भारी चीड होती. कळंबच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ते एकोणीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवत होते. बारावी विज्ञानाच्या पटावर साठ मुलं, वर्गात येणारी तेवीस. बाकीची नाव इथं आणि जीव यवतमाळच्या क्लासमध्ये अशी वाटून घेतलेली. उरलेल्या तेवीस जणांपुढे सरांनी फळा भरून गणित सोडवावं, घसा कोरडा पाडावा आणि शेवटी "समजलं का?" म्हणून विचारावं, की तेवीस मुंड्या एकदम हलायच्या. "समजलं सर." तोंडावरची माशी मात्र एकाचीही हलायची नाही. मग चाचणीत सर साधाच प्रश्न जरा फिरवून विचारायचे आणि निकाल बघून कपाळाला हात लावायचे.

जुलैमध्ये हवेच्या दाबाचा धडा चालू असताना मात्र एक हात वर झाला. अंजू राठोडचा. कळंबपासून नऊ किलोमीटरवरच्या तांड्यातून ती सायकलनं यायची आणि मागून दुसऱ्या बाकावर बसायची.

"सर, विहिरीवरची मोटर किती खोलातून पाणी वढते?"

वर्ग फिदीफिदी हसला. सर हरखले. एकोणीस वर्षांत कुणीतरी आपणहून काही विचारत होतं. त्यांनी उत्साहानं सांगितलं, की मोटर पाणी ओढतच नाही. ती फक्त पाइप रिकामा करते. बाहेरची हवा विहिरीतल्या पाण्यावर दाब देते आणि तीच पाणी वर चढवते. पण हवेची ताकद किती, तर दहा पूर्णांक तीन मीटर.

"चौतीस फूट. तुमच्या हातांच्या मापात साडेबावीस हात," सर म्हणाले. "त्यापेक्षा वर कुणाचा बाप आला तरी पाणी चढत नाही."

अंजूनं आकडा वहीत लिहून घेतला, घंटा झाली, सरांनी फळा पुसला. मास्तरलोकांचं हे असंच असतं. आकडा सांगून मोकळे होतात. तो कुणाच्या घरी जाईल आणि तिथं काय उद्योग करेल, याची चौकशी कुणी करत नाही.

उद्योग कळला तो जानेवारीत. सोमवारपासून अंजू आलीच नाही. पुढच्या सोमवारी बोर्डाची प्रात्यक्षिक परीक्षा, बाहेरचे परीक्षक येणार, आणि वर्गातली एकुलती एक प्रश्न विचारणारी मुलगी गायब. शनिवारी सरांनी तिच्याच तांड्यातल्या लखनला कॉरिडॉरमध्ये धरलं. 

"सर, तुमच्या आकड्यानं लफडं झालं," तो चपलेशी चाळा करत म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. अंजूच्या वडिलांची, अमरसिंगकाकांची, शेतात विहीर आहे. दिवाळीनंतर पाणी खाली जाऊ लागलं की दरवर्षी मोटर विहिरीच्या आत, मधल्या कपारीवर उतरवावी लागते. हे काम अंजूचा मोठा भाऊ बबलू दोराला लटकून करायचा. गेल्या साली दोर सटकला आणि बबलूचं मनगट मोडलं. अंजूनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून सरांचा आकडा मिळाल्यावर तिनं हिशेब मांडला. विहिरीतलं पाणी खाली खाली जाऊन वीस हातांवर थांबतं. हवा चढवते साडेबावीस हात. म्हणजे मोटर कायमची वर काठावर ठेवली तरी चालेल, कुणालाही जीव धोक्यात घालून आत उतरायला नको.

"काका कोणाचंच ऐकत नाही, पण तिचं ऐकलं," लखन म्हणाला. "काठावर सिमेटचा पक्का ओटा बांधला न् त्याच्यावर मोटर बसवली. दिवाळीले पाणी वरतं होतं, तं धो धो चालली. आता पाणी वीस हातावर गेलं, मोटर नुसती गुरगुरून राह्यली. थेंब नाही. गहू ओंबीवर आला न् पाणी नाही. लोकं हासतात सर. म्हणतात, पोट्टीचं सायन्स विहिरीत पडलं. तिचं शिक्षण आता बंदच होते वाटते."

सर स्टाफरूममध्ये येऊन बसले. समोरचा चहा निवून गेला. चूक कुठं झाली हे त्यांना लगेच कळलं होतं आणि तेच जास्त लागलं. पुस्तकात त्या आकड्याच्या आधी दोन शब्द होते, 'आदर्श परिस्थितीत'. पाइप पूर्ण रिकामा होईल असा पंप जगात नाही. पाणी पाइपाला घासतं, सांध्यातून हवा शिरते, झडपेत जोर जातो. हे दोन शब्द सरांनी घंटेच्या घाईत गिळले होते. आणि खरं सांगायचं तर मोटर दरवर्षी खाली घ्यावी लागते, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. ते बाभुळगावात नळाच्या पाण्यावर वाढलेले. शेतात राबणारा कुठलाही माणूस त्यांना हसत हसत सांगू शकला असता, पण विचारतो कोण.

तेवीस जणांपैकी बावीस जणांनी आकडा कानाआड केला होता. जिनं तो खरा मानला, तिचंच वाटोळं व्हायची वेळ आली होती.

दुपारी सरांनी मोटारसायकल काढली. वाटेत काय बोलायचं याची जुळवाजुळव त्यांनी तीनदा केली आणि तिन्ही वेळा ती मोडली. पालकांना भेटायला घरी जाण्याची त्यांना सवय नव्हती. शिव्या खाण्याची तर मुळीच नव्हती. पण मुलगी परीक्षेला बसली नाही तर आपण पुन्हा वर्गात कुठल्या तोंडानं उभं राहणार, हा प्रश्न काही केल्या पाठ सोडत नव्हता.

विहिरीवर आठ-दहा माणसं जमलेली. लाकडी बल्ल्यांची तिपाई विहिरीवर उभी, तिला साखळीची पुली लटकवलेली. तो नवाकोरा ओटा रिकामाच होता. त्याच्या कडेला गुडघे जवळ घेऊन एक उंच, वाळका माणूस तोंड फुगवून बसला होता. शेजारी बाजेवर एक म्हातारी सुपारी कातरत होती. मोटरीचा आवाज नव्हता. 

"कोन पाह्यजे?" म्हातारीनं विचारलं.

"मी प्रफुल्ल खोब्रागडे. अंजूचा कॉलेजातला सर."

वाळका माणूस उठून उभा राहिला. हेच अमरसिंग. सरांनी त्यांना बोलायला अवसरच दिला नाही. आता नाही बोललो तर जमणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"आधी माझं ऐका. तो आकडा माझा होता. पुस्तकात खरा आहे, विहिरीवर खरा नाही. हे मी तिला सांगायला पाहिजे होतं, मी नाही सांगितलं. तिनं चूक केली नाही, मी केली. तुम्हाला राग काढायचा तर माझ्यावर काढा. पण तिचं शिक्षण बंद करू नका, सोमवारी तिला परीक्षेला पाठवा."

 म्हातारीचा अडकित्ता थांबला. 

"कोणं बंद केलं तिचं शिक्षण?" अमरसिंग म्हणाले.

"म्हणजे... लखन म्हणाला..."

"लखनले काय समजते. बसा आधी." अमरसिंगांनी ओटा झटकला. "सर, मी पयल्या दिवशी लय तापलो, खोटं नाही सांगत. तुमच्या नावानं बी बोललो. तं हे पोट्टी माह्यासंगच भांडली. म्हणे, सराचा आकडा खोटा नाही, आपल्या पाइपात काहीतरी होऊन राह्यलं, थे आपल्याले समजलं नाही. तुमच्यासाठी भांडली ते."

सर ओट्यावर बसले.  आपल्या बाजूनं कुणी भांडेल, असं त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"मग आता पाणी?"

"पाणी तं गुरवारीच आलं," बाजेवरून मानीबाई म्हणाल्या. त्या अंजूच्या आजी. "अर्धा गहू भिजला बी."

सरांच्या छातीवरचं ओझं इतकं एकदम उतरलं की त्यांना हसू आवरेना. पण मग हा घोळका कशाला, आणि अमरसिंगांचं तोंड फुगलेलं कशासाठी?

"तिलेच पुसा," अमरसिंग विहिरीकडे हात करून म्हणाले.

विहिरीच्या काठावर पालथी पडून अंजू आत वाकली होती. एका हातात खोली मोजायला हाताहातावर गाठी मारलेला दोर, दुसऱ्यात वही. पलीकडे बबलू साखळी धरून उभा, आणि खाली एका जाड फळीवर बांधलेली मोटर अधांतरी लोंबकळत होती. आता कुणालाच विहिरीत उतरावं लागत नव्हतं. सरांना पाहून अंजू धडपडत उठली. तिच्या कोपरांना माती लागली होती.

"सर, तुम्ही कायले आले?" म्हणत तिनं वहीच पुढे केली.

वहीत तक्ता होता. सोमवारपासून त्यांनी मोटर एकेक हात खाली सोडली होती. दिवसा वीज येईल तेवढ्या वेळात मोटरीत पाणी भरायचं, सुरू करायची, मोटर पाण्यापासून किती हात वर आहे आणि काय होतं ते लिहायचं. वीस हात, पाणी नाही. एकोणीस, नाही. अठरा, नाही. सतरा, थुंकल्यासारखं. सोळा, करंगळीएवढी धार. पंधरा, भरून.

"गुरुवारी पंधरावर आलं," अंजू म्हणाली. "पण तुमचा आकडा साडेबावीस हाय. मंग साडेसात हात कुठं गेले, सर?"

 उत्तर सरांच्या ओठांवर आलं होतं. घर्षण, गळती, पंपाची मर्यादा. पण त्यातल्या कशानं किती हात खाल्ले, हे त्यांना सांगता आलं नसतं, आणि तिला नेमकं तेच हवं होतं.

"काही पाइपानं खाल्ले, काही पंपानं, थोडे झडपेनं," ते म्हणाले. "कुणी किती, हे मला माहीत नाही. शोधावं लागेल. मी पण बसतो तुझ्यासोबत."

अंजूचा चेहरा उजळला. आजवर कुठल्या मास्तरनं तिला 'माहीत नाही' म्हटलं नव्हतं बहुधा. सरांनाही तो शब्द बोलून हलकं वाटलं.

"ते मंग शोधा," अमरसिंग मध्येच म्हणाले. त्यांचा खरा राग आता बाहेर आला. "पण सर, तुम्ही हिले सांगा. पाणी आलं, गहू भिजून राह्यला, सोमवारी परीक्षा हाय. मी रोज म्हणतो, जाय कालेजात. तं हे म्हणते, चालू मोटर बंद करा न् परत वरतं घ्या. म्हटलं काहून? म्हणे, एकदा आलं म्हंजे खरं नसते. तीनदा पाहा लागते, मंग सरासरी. सरानं शिकवलं म्हणे. असं शिकवता का तुम्ही?"

शिकवत होते. प्रयोगवहीत तीन वाचनं घ्यायची आणि सरासरी काढायची, हे सर दरवर्षी पहिल्या तासाला सांगत. आणि दरवर्षी मुलं एकच वाचन घेऊन बाकीची दोन बाकावर बसल्या बसल्या मनानं लिहून टाकत. सरांना ते माहीत होतं, आणि ते सही करून मोकळे होत. एकोणीस वर्षांत तिसरं वाचन खरोखर घेतलेला विद्यार्थी त्यांनी पाहिला नव्हता.  त्यांनी चष्मा काढून पुसला, उगाचच.

"किती झाले?" त्यांनी विचारलं.

"दोन झाले सर. दुसऱ्या खेपेलेबी पंधराच आलं. एकच बाकी हाय, न् चार वाजता लाइन जाते."

अमरसिंग आशेनं सरांकडे पाहत होते. सरांनी घड्याळ पाहिलं. सव्वातीन. त्यांनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या, पलीकडे जाऊन बबलूच्या हाताखाली साखळी घट्ट धरली आणि अंजूला म्हणाले, "चल, वाच दोर."