हलीमाबींची सवत

मी कुरुंद्याचं स्टेडियम बोलतोय. आवाज जरा घुमल्यासारखा वाटेल. आठवड्यातले बरेच दिवस मी रिकामा असतो, आणि रिकाम्या जागेचा आवाज असाच येतो.

वसमतकडून येताना गावाच्या थोडं अलीकडं, रस्त्याला लागून माझी लांब भिंत दिसते. भिंतीत पाइपांचं एक दुकान, एक सायकलवाला, एक चहाचं हॉटेल. नवखी माणसं मला हळदीचं गोदाम समजतात. त्यांचं चुकत नाही. एवढी भिंत बांधून कुणी आत नुसतं गवत ठेवेल, हे या भागात कुणाला खरं वाटणार?

ते गवत चाँद पाशांनी लावलं. पाशा हळदीचे व्यापारी, पण जीव सगळा फुटबॉलमध्ये. त्यांचे लहानपणचे दोस्त विश्वंभर गुरुजी शाळेत खेळाचे मास्तर होते. दोघांनी मिळून आसपासच्या गावांतली पोरं जमवली, त्यांना पिवळे सदरे शिवले आणि टीमला नाव दिलं 'आसना क्लब'. टीम चांगली निघाली. मग पगारी खेळाडू आले. मोठ्या लीगमध्ये जायची वेळ आली, तेव्हा लीगवाल्यांनी विचारलं, तुमचं स्वतःचं मैदान कुठं आहे?

मैदान नव्हतं. सरकारदरबारी खेटे घालून झाले. बँकेचे साहेब म्हणाले, गोदाम बांधा, उद्या कर्ज देतो, गवतावर कसं देऊ? तेव्हा पाशांनी ठरवलं की आपणच बांधायचं, आपल्या पैशानं.

"गावच्या नावावर करा," गुरुजी म्हणाले होते. "उद्या भांडण नको."

"सगळ्यांचं मैदान असलं की त्याला पाणी कोनीच घालत न्हाई, गुरुजी," पाशा म्हणाले. "ह्ये माझं राहील. मग मी घालीन."

खरं तर जमीन त्यांची नव्हती. ती त्यांच्या बायकोची, हलीमाबींची. त्यांच्या अब्बांनी लग्नात लेकीच्या नावावर करून दिलेली. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. तरी सगळे मला पाशांचं स्टेडियम म्हणायचे, आणि मीही स्वतःला तसंच म्हणायचो.

काळ्या मातीवर फुटबॉल होत नाही. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पावसाळ्यात पायातला बूट गिळते. म्हणून वरची माती काढून मुरूम भरला, रेती पसरली, बाहेरची माती आणली आणि तिच्यावर हरळीचे ठोंब लावले. शेजारच्या शेतातली भागूबाई मधल्या धुऱ्यावर येऊन कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"आमचा जल्म हरळी खांदन्यात गेला," ती म्हणाली, "अन् पाशाभाई ती लावून राहिले."

पाशा हसले. पुढं तीच भागूबाई कुणी माझ्या हरळीवर ढोर सोडलं की बोंब मारायची.

हळदीला भाव आला की मी वाढायचो. भाव पडला की गवंडी घरी जायचे. म्हणून माझं अंग सारखं नाही. पश्चिमेच्या गॅलरीवर पत्रे आहेत, पूर्वेला नुसत्या सिमेंटच्या पायऱ्या, आणि उत्तरेला जे काय बांधायचं होतं त्याच्या सळया अजून आभाळाकडं बघतात. भिंतीतल्या दुकानांचं भाडं माळ्याच्या पगाराला जायचं. बाकी सगळा भार पाशांच्या एकट्याच्या अंगावर.

मालक म्हणून ते सोपे नव्हते. पत्र्याखाली सावलीत त्यांनी स्वतःची आणि पाहुण्यांची खास बैठक केली होती. तिथून ओरडून ते गुरुजींना सांगायचे, याला काढा, त्याला खेळवा. एकदा गुरुजी चिडून म्हणाले, "गवत तुमचं, खेळ माझा." त्यानंतर दोघं बराच काळ बोलत नव्हते. पण सकाळी पाणी सोडताना दोघंही हजर असायचे, एक या टोकाला, एक त्या टोकाला.

हलीमाबी कधी आल्या नाहीत. ज्या साली त्यांच्या घराचं छत गळत होतं, त्याच साली माझ्या गॅलरीवर पत्रे चढले. तेव्हापासून त्या मला सवत म्हणायला लागल्या. "जाओ, बुला रही तुम्हारी," असं सकाळच्या नमाजनंतर त्या पाशांना म्हणायच्या. पाशा हे गुरुजींना हसत हसत सांगायचे.

मग पाशा आजारी पडले. नांदेडच्या दवाखान्यात नेलं, तिथून परत आले नाहीत. जनाजा माझ्या दारासमोरून गेला, तेव्हा खेळाडू पिवळे सदरे घालून भिंतीशी रांगेनं उभे होते.

टीम आली त्यांच्या मुलाकडं, मुबश्शीरकडं. तो हैदराबादला नोकरीला. त्याला खेळात गोडी नव्हती, पण तो वाईट नव्हता. खेळाडूंचे पगार थांबू नयेत म्हणून त्यानं हरतऱ्हेनं ओढाताण केली. शेवटी एका मोठ्या शहरातली कंपनी टीम विकत घ्यायला तयार झाली. टीम ते शहरात नेणार होते. त्यांना मीही हवा होतो, पण खेळायला नव्हे. रस्त्याकडची जागा, प्लॉट पाडायला उत्तम.

टीम मुबश्शीरची होती, ती त्यानं दिली. जागेसाठी मात्र हलीमाबींची सही लागत होती.

"देते," त्या म्हणाल्या. "पन आधी बघून येते. काय हाय ते तरी बघू दे."

अशा त्या आल्या. हंगामातला शेवटचा सामना होता, दुपारची वेळ. सोबत सून आफिफा. दारावर तिकिटं फाडणारा हिरासिंग उभा. बुरख्यातल्या दोन बायका बघून तो गोंधळला आणि सवयीनं बोलला, "तिकीट?"

आफिफा काही बोलणार तेवढ्यात हलीमाबींनी तिचा हात दाबला. दोन तिकिटं घेतली आणि विचारलं, "बायका कुठं बसतेत?"

हिरासिंगनं टोपी मागं सारली. "बायका येत न्हाईत, अम्मा."

"येत न्हाईत का जागा न्हाई?"

तो दार पुरं उघडून बाजूला झाला. माझ्या पोटात हजारो माणसं बसली होती, पण हा प्रश्न माझ्या भिंतींनी ऐकला नव्हता.

पश्चिमेच्या सावलीत पाशांची खास बैठक रिकामी होती. हलीमाबी तिकडं गेल्या नाहीत. त्या भिंतीच्या कडेकडेनं चालत राहिल्या, जणू घर विकायच्या आधी कोपरा न् कोपरा बघावा. दक्षिणेच्या अंगाला, पाइपांच्या दुकानाशेजारी, माझ्या भिंतीला एक फट आहे. फटीला बाहेरून एक डोळा लागलेला होता.

हलीमाबी लहान दरवाजातून बाहेर गेल्या. बाहेर एक बाई उभी होती. डोक्यावर पदर, पायाशी भाजीची पिशवी.

"काहून उभी हायस इथं?"

बाई दचकली. ती धुरपताबाई, आमच्या गोलकीपरची, मुन्नाची आई. "माझं पोरगं गोलात हाय," ती म्हणाली. "इथून गोल दिसतो."

"रोज इथूनच बघतीस?"

"पहिल्यापासनं. अर्धा टाइम दिसतो. मंग बाजू बदलतेत, तो तिकडच्या गोलात जातो. मंग नुसता आवाज ऐकते. आवाजावरनं कळतं, अडवला का सुटला ते."

मुन्ना आमच्याकडं कित्येक वर्षं खेळत होता. त्याचे कितीतरी बचाव सगळ्या तालुक्यानं पाहिले होते.

हलीमाबींनी तिची पिशवी उचलली. "चल आत."

"आत समदे गडीमाणसं हायेत, भाबी."

"असू दे. जागा माझी हाय."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. बहुधा त्यांनीही पहिल्यांदाच ऐकलं.

तिघी पूर्वेच्या पायऱ्यांवर बसल्या. दुपारचं ऊन थेट तोंडावर. आसपासचे पुरुष सरकले, कुणी उगाच खाकरलं, मग सगळे खेळ बघू लागले. धुरपताबाई हलीमाबींना समजावत होती. पिवळे आपले. हातानं खेळायची मुभा एकट्या मुन्नाला. तो खाली पडला की घाबरायचं नाही, त्याचं कामच पडायचं. हाफटाइमनंतर मुन्ना समोरून चालत दुसऱ्या गोलाकडं गेला. धुरपताबाई मान वळवून बघत राहिली. थोड्या वेळानं मुन्नानं उजवीकडं झेप घेऊन एक चेंडू बोटांनी बाहेर ढकलला. सगळी गॅलरी उठली. धुरपताबाई बसूनच होती, पदर तोंडावर धरून. हलीमाबींनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

सामना बरोबरीत सुटला. लोक पांगले. मुबश्शीर घाईनं आला, मागून गुरुजी.

"अम्मी, इतनी धूप में कायको बैठे? सावलीत बैठक हाय ना अब्बांची."

"बघितली," हलीमाबी म्हणाल्या. "सावलीत खुर्च्या अन् उन्हात माणसं. गुरुजी, ह्ये बराबर हाय का?"

गुरुजी त्यांच्याजवळच्या तापल्या पायरीवर येऊन बसले.

"अम्मी, टीम तर चाललीच," मुबश्शीर म्हणाला. तो थकलेला दिसत होता. "रिकामं मैदान ठेवून काय करायचं? माळ्याचा पगार, पाणी, लाइटबिल. मला हैदराबादहून ह्ये होत न्हाई. खरंच होत न्हाई."

"तुला कोन सांगितलं कर म्हणून?" त्यांनी त्याच्या गालाला हात लावला. "तू लई तकलीफ काढलीस. आता तू सोड."

मग त्या गुरुजींकडं वळल्या. "तुमी सांगा. ठेवू का विकू?"

"मी सांगनार न्हाई, भाभी. मला ठेवावं वाटणारच. माझा सल्ला धरू नका."

"ते ठेवा म्हटले असते."

"पाशा? व्हय."

"त्यांच्यासाठी न्हाई ठेवत मी," हलीमाबी सावकाश म्हणाल्या. "त्यांनी मला कधी इचारलं न्हाई. बांधताना न्हाई, पत्रे टाकताना न्हाई. मी त्याचाच राग धरून घरात बसले. ही बाई भाईर उभी, मी घरात. अन् जागा माझी." त्यांनी माझ्याकडं एकदा पुरं बघून घेतलं. "विकायची न्हाई."

मुबश्शीरनं तिथूनच कंपनीला फोन लावला.

टीम गेली. ट्रक आला, त्यात जाळ्या गेल्या, चेंडू गेले, गुणफलकसुद्धा गेला. मुन्नाही गेला, घर त्याच्या पगारावर चालत होतं. जाताना त्यानं दोन्ही गोलांच्या खांबांना हात लावला. मला वाटलं, संपलं. तो पावसाळा मी उंच वाढलेल्या गवतात काढला.

पण हलीमाबी रोज यायला लागल्या. पाशांसारख्या हौसेनं नाही, घरातलं काम उरकावं तशा. गवत कापून घेतलं. भिंतीत आणखी दुकानं काढली. बाहेरच्या पटांगणात हळद वाळवायला जागा भाड्यानं दिली. उन्हाळ्यात तिथं उकडलेल्या हळदीचा वास एवढा दाटतो की माझ्या भिंतीही पिवळट झाल्यात. आत मात्र एक पोतंही येऊ दिलं नाही. लग्नाचे मंडपवाले आले, त्यांनाही परत पाठवलं.

पैसे हाती आल्यावर पहिलं बांधकाम काय केलं, तर बायकांसाठी संडास. गुरुजी हळूच म्हणाले, आधी जाळ्या घ्यायला हव्या होत्या. हलीमाबी म्हणाल्या, जाळीवाचून खेळता येतं. मग पत्र्याखालची खास बैठक मोडून तिथं लांब बाकं टाकली. ती बायकांची बाजू. गुरुजींनी गावची पोरं गोळा केली, पोरीही. पुनम नावाची भागूबाईची नात आता अशी जोरात चेंडू मारते, की पाइपवाला दुकान पुढं सरकवायचं म्हणतो.

मागच्या महिन्यात शहरातली ती टीम सरावाच्या सामन्यासाठी आली. सदरे आता निळे. मुन्ना बसमधून उतरला आणि सवयीनं सरळ यजमान टीमच्या कपडे बदलायच्या खोलीत शिरला. आतली गावची पोरं हसायला लागली, मग तोही हसला. धुरपताबाई सावलीत मधोमध बसली होती. कुणाच्या बाजूनं ओरडायचं, हे तिला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. आमची पोरं सपाटून हरली. तरी शेवटच्या शिट्टीपर्यंत कुणी उठलं नाही.

मुबश्शीरही आला होता. टीमचा मालक असताना त्यानं कधी एक सामना पुरा बघितला नव्हता, सारखा फोनवर असायचा. या वेळी हलीमाबींनी त्याला शेजारी बसवलं आणि सांगितलं, "माझ्या मागं ह्ये तुझ्याकडं येईल. विकायचं वाटलं तर वीक, मी वरून आडवी येनार न्हाई. फकस्त एक सामना पुरा बघून मग वीक."

खेळ संपेपर्यंत त्याचा फोन खिशातच होता, हे मी पाहिलं.

माझं पुढं काय होईल, मला ठाऊक नाही. मला दिवे नाहीत. उत्तरेची बाजू अर्धीच आहे. मोठ्या लीगमध्ये मला कुणी धरणार नाही. हलीमाबींचे गुडघे दुखतात, पायऱ्या चढताना त्या दोनदा थांबतात. मालक माणसंच असतात, आणि माणसं जातात. मी एवढंच मागतो, की माझ्याबद्दल जे काय ठरवायचं ते मला रिकामा बघून ठरवू नका.

येत्या रविवारी दुपारी साखरा गावच्या पोरांशी सामना आहे. घरच्या बायामाणसांना घेऊन या. सावलीची बाजू त्यांची. तुम्हाला उन्हात बसावं लागेल.