थेंबात एकही नाही

टाकीतल्या एका थेंबात मी एकेचाळीस मोजले. सगळे जिवंत, वळवळणारे. नोझलमधून पडलेल्या थेंबात एकही नव्हता.

थेंब घेण्यात माझंच काही चुकलं असेल म्हणून दुसरा घेतला. मग तिसरा. कॉलेजने निकालात काढलेला माझा सूक्ष्मदर्शक शेडमधल्या स्टुलावर होता. त्यात नुसतं स्वच्छ पाणी दिसत होतं. बाहेर पंपाचं इंजिन धडधडत होतं आणि सासरे तिसऱ्या ओळीच्या टोकाला पोचत आले होते.

गुलाबाच्या त्या पाच ओळींवर आमची सगळी रोपवाटिका उभी. आम्ही विकतो ती कलमं याच दोनशे झाडांचे डोळे काढून भरलेली. महिन्यापूर्वी पहिल्या ओळीतलं एक झाड नुसतं धरलं, तर अलगद हातात आलं. खाली मुळंच उरली नव्हती. तीन हुमण्या होत्या, मुळं खाणाऱ्या पांढऱ्या लठ्ठ अळ्या, अंगाचा विळा करून पडलेल्या. विषारी औषध ओतायची सोय नव्हती, कारण पिण्याच्या पाण्याची विहीर तिथून दहा पावलांवर. म्हणून मी सूत्रकृमी मागवले. लांबी अर्धा-पाऊण मिलिमीटर, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारे. ते मातीत हुमणी शोधतात, तिच्या आत शिरतात आणि सोबत आणलेल्या जिवाणूंकरवी तिला मारतात.

"म्हणजे चोराच्या मागे चोर सोडायचा," सासूबाई म्हणाल्या होत्या.

पुढची खेप वीस दिवसांनी मिळणार होती. तोवर झाडं राहिली नसती.

फवारणीआधी मी सासऱ्यांना विचारलंही होतं, "बाबा, गाळण्या काढल्यात ना? बारीक जाळीतून ते जात नाहीत."

"दोन होत्या, दोन्ही त्या खिळ्याला लटकल्यात. चाळीस वर्षं पंप चालवतोय, सूनबाई."

गाळण्या खरंच खिळ्याला होत्या. मी बाहेर आले.

"बाबा, पंप थांबवा."

"ही ओळ संपू दे."

"नोझलमधून नुसतं पाणी येतंय."

"मग काय दूध यायला हवं?"

"किडे येत नाहीयेत."

"दिसत नाहीत असं तूच म्हणालीस."

"सूक्ष्मदर्शकातही दिसत नाहीत."

ते चालतच राहिले. शेडच्या पत्र्यावर ऊन आलं होतं. वाफ्यांवर उतरायला फार तर पाऊण तास. उन्हात हे किडे बघता बघता मरतात, आणि एकदा पाण्यात कालवले की ठेवून देता येत नाहीत. मला या घरात येऊन आठ महिने झाले होते. त्यांच्या हातातलं काम कुणी थांबवलेलं मी पाहिलं नव्हतं.

सासूबाईंनी झारी खाली ठेवली, इंजिनपाशी गेल्या आणि ते बंद केलं.

"पोरगी काहीतरी सांगतेय," त्या म्हणाल्या.

"फवाऱ्याची दांडी उघडून बघू या?" मी विचारलं.

"दांडीत काही नाही."

"नसेल. पण बघू या."

"काही नाही म्हणतोय ना." पण त्यांचा हात दांडीच्या जोडावर थांबला. "एक चिंधी आहे. नायलॉनची. नोझल तुंबू नये म्हणून."

"बाबा, म्हणजे ती गाळणीच झाली."

"गाळणी कशी? ती दांडीचीच आहे. पहिल्यापासून."

जोड सुटला. आत बोटभर कापड फुगून बसलं होतं, भुऱ्या लगद्याने गच्च भरलेलं. सासूबाईंनी वाकून निरखलं.

"हा माझा मोजा," त्या म्हणाल्या. "लग्नानंतर दुसऱ्या वर्षी एक हरवला होता. मी मोलकरणीवर आळ घेतला होता हो."

मी लगदा बादलीतल्या पाण्यात हलक्या हाताने सोडला आणि थेंब काचेवर घेतला. किडे खूप होते, पण टाचणीसारखे ताठ. वीस निवडले. एकही हलत नव्हता.

"मेले?" सासरे दारात उभे होते.

"पाच मिनिटं थांबा. दाबाखाली होते."

"ऊन पाच मिनिटं थांबणार आहे का?"

मी डोळा काढला नाही. चौथ्या मिनिटाला एकाचं टोक वाकलं. मग दुसऱ्याचं. सातव्या मिनिटापर्यंत मी थांबले आणि पुन्हा मोजले. वीसपैकी नऊ हलत होते.

हिशोब सोपा होता. टाकीत दोन ओळींचे शिल्लक. मोज्यात अडकलेल्या तीन ओळींच्या किड्यांतले निम्म्याहून थोडे कमी जिवंत.

"तीन ओळींना पुरतील," मी म्हणाले. "पाचांत वाटले तर कुठेच पुरणार नाहीत."

"कुठल्या तीन?"

मला ते सांगता येणार नव्हतं. पहिल्या ओळीतली झाडं त्यांनी स्वतः लावलेली, माझ्या वयाची.

"पहिली दोन सोडा," ते म्हणाले. "तिथलीच मुळं जास्त गेली असणार." आणि झारी उचलून चालू लागले.

ऊन आधी पाचव्या ओळीवर येतं, म्हणून तिथून सुरुवात केली. किडे तळाशी बसतात, त्यामुळे झारी भरताना दर वेळी मी टाकी आणि बादली ढवळत होते. शेवटची आठ झाडं राहिली तेव्हा ऊन वाफ्याच्या काठावर पोचलं. सासूबाई जुनी चादर दोन हातांनी ताणून उभ्या राहिल्या आणि आम्ही त्या सावलीत ओतलं. वरून साधं पाणी देऊन किडे मातीत उतरवले.

सहाव्या दिवशी सासऱ्यांनीच खुरपं घेतलं. तिसऱ्या ओळीत पहिलीच हुमणी निघाली ती मेलेली, विटेसारखी लाल, लुळी. पुढची तशीच. पाचव्या ओळीपर्यंत चौदा लाल, दोन पांढऱ्या. मग ते पहिल्या ओळीकडे गेले. तिथे चार जागी उकरलं. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या खात होत्या. दोन झाडांची पानं माना टाकायला लागली होती.

ते मातीतच बसले. तळहातावर एक लाल अळी होती.

"हिच्या आत काय चाललंय आता?"

"किड्यांची वीण. एकीतून लाखभर बाहेर पडतील."

"कधी?"

"अजून आठवड्याने, साधारण."

"मग ही इथे पुरली तर?"

मी हे वाचलं होतं, आणि तरी माझ्या डोक्यात आलं नव्हतं. "चालतं," मी म्हणाले. "पण बाबा, चौदाच आहेत. आणि ही झाडं आठवडाभर तग धरतील का, मला माहीत नाही."

"ऐंशी झाडं, चौदा अळ्या." त्यांनी दोन्ही ओळींवर नजर फिरवली. "एक सोडून एक?"

"नाही. जिथे पांढऱ्या जास्त, तिथे."

"मग आधी मोजायला हव्यात," ते म्हणाले आणि खुरपं माझ्या हातात दिलं. "तू मोज. मी लिहून घेतो."