डाकेची पाळी

दर मंगळवारी औशातल्या माझ्या ओसरीवर माजी सैनिक जमतात. पेन्शन अडकली, बायकोचं नाव चुकलं, कार्ड हरवलं, काहीही असो, लोक सांगतात, शेषेराव बाबूकडं जा. बावीस वर्षं पलटणीत क्लार्क होतो, कागदाचं मला कळतं. अर्धवट कागद घेऊन येणाऱ्याला मी आधी झाडतो आणि मग चहा पाजतो. माझ्या शिव्यांवर कुणी रागवत नाही, कारण काम होतं.

गेल्या ऑगस्टमध्ये अशाच एका मंगळवारी वीरण्णा आला. मुखेडकडचा, माझ्याच कंपनीतला शिपाई. दोन एसट्या बदलून आला होता. उजव्या हातात बियाण्याच्या दुकानातली पिशवी, डावा हात खिशात. तो हात तो नेहमी खिशातच ठेवतो.

"शरणार्थ, बाबू," त्यानं त्यांच्या लिंगायत रिवाजानं नमस्कार केला. "रेकॉर्डात लई मोठी चूक झाली बग."

त्यांच्या ग्रामपंचायतीनं शाळेच्या भिंतीवर गावातल्या फौजींची नावं लिहायला घेतली होती, ज्याला जे पदक मिळालं त्यासकट. वीरण्णानं पराक्रम पदक सांगितलं. शत्रूच्या माऱ्यात जखमी झालेल्याला ते मिळतं. ग्रामसेवक म्हणाला, कागद दाखवा. म्हणून सुनेनं, वर्षाराणीनं, रेकॉर्ड ऑफिसकडून नक्कल मागवली आणि ती भर ग्रामसभेत वाचली गेली. पदकाचा पत्ताच नाही. वर एक ओळ होती, पोस्टवर पाय घसरून पडल्याने डाव्या हातास इजा.

"पंचवीस वर्षं गावाला सांगून राहिलो की तोफेच्या माऱ्यात हात गेला म्हनून," वीरण्णा म्हणाला. "आता पोट्टे मला घसरे फौजी म्हनतात. मठात जायचं सोडलो मी. नातू इचारतो, आजा, तुमी खोटं बोलत हुता का? ज्यानं कुनी हे लिवलं त्येच्या हाताला कीड लागो."

मी नक्कल हातात घेतली. टाइप केलेली इंग्रजी ओळ. त्यातलं एक अक्षर दरवेळी जरा वर उडालेलं. ते मशीन मी चार वर्षं बडवलं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथं तर लख्ख उजेड पडला होता. ती ओळ माझी होती.

तेव्हा आमची कंपनी राजौरीच्या वर, सीमेवर होती. पोस्टवरून खाली गाडीच्या थांब्यापर्यंत जाऊन डाकेची थैली आणायची, ते काम क्लार्कचं, म्हणजे माझं. रोस्टरवर नाव माझं होतं. त्या दिवशी मी वीरण्णाला म्हटलं, माझ्याऐवजी तू जा. तो गेला. परतीच्या वाटेवर वर कड्यावर गोळा फुटला आणि एक धोंडा उडून त्याच्या पंज्यावर आला. जखमेत गोळ्याचं लोखंड नव्हतं, हात नुसता चेचलेला, पडून झाला म्हटलं तरी खपेल असा. संध्याकाळी जखमीचा अहवाल टाइप करायला बसलो. पुढचाच रकाना होता, कोणत्या कामावर आणि कोणाच्या आदेशाने. खरं लिहिलं असतं तर रोस्टर उघडलं गेलं असतं, आणि मारा चालू असताना मी आपली ड्युटी दुसऱ्याच्या गळ्यात बांधली हे साहेबांना कळलं असतं. मी लिहिलं, पाय घसरून पडल्याने. साहेब नवीन होते. तीस कागदांच्या गठ्ठ्यात त्यावरही सही झाली. वीरण्णा तीन महिने दवाखान्यात होता, तिथून फौजेतून सुटून परस्पर घरी गेला. पदकाचं काय झालं म्हणून त्यानं दोनदा पत्र पाठवलं. दोन्ही वेळा मी उत्तर दिलं, केस वर गेली आहे.

"चूक दुरुस्त करायला दोन साक्षीदार लागतात म्हनं," वीरण्णा म्हणाला. "तवा तिथं असलेले. एक उदगीरचा रामलिंग, त्यानं गोळा फुटताना बगितलाय. दुसरा तू. तू तर कंपनीचा बाबू. तुझं प्रतिज्ञापत्र कोन नाकारंल?"

मी काय केलं? झाडलं. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड कुठं आहे, सर्व्हिस बुकाची प्रत कुठं आहे, असल्या चिंध्या घेऊन कोण येतं, म्हणालो. तो मान खाली घालून गेला. पुढच्या मंगळवारी कार्ड घेऊन आला. मी म्हटलं, यावर शिक्का पुसट आहे, नांदेडच्या सैनिक ऑफिसातून खरी प्रत करून आण. तो नांदेडला गेला, तिथून माझ्याकडं आला. मी म्हटलं, तहसीलचा रहिवासी दाखला. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना शिव्या देत म्हणत आलो. आता मीच ते सरकार झालो होतो. चौथ्या खेपेला त्यानं घरचे शेंगदाण्याचे लाडू आणले. सिद्धम्मानं, त्याच्या बायकोनं, पाठवले होते. तो डबा पाहून मला स्वतःची इतकी किळस आली की मी त्याला बसही म्हणालो नाही.

त्या आठवड्यात मी प्रतिज्ञापत्राचा इंग्रजी मसुदा लिहिला. पाळी माझी होती, मी वीरण्णाला पाठवलं, तो माऱ्यात जखमी झाला आणि ती खोटी ओळ मी जाणूनबुजून टाइप केली. कागद खिशात घालून सकाळची पहिली गाडी धरली आणि मुखेड गाठलं.

पोचलो तेव्हा वीरण्णा पूजेला बसला होता. त्यांच्यात गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतात आणि तिथंच त्याची पूजा करतात. वीरण्णाचा डावा पंजा वाळक्या पानासारखा आत वळलाय, त्यावर लिंग ठरत नाही. सिद्धम्मा समोर बसली होती. तिनं आपला तळहात त्याच्या हाताखाली धरला होता, त्याची बोटं दुसऱ्या हातानं उघडून ठेवली होती, आणि तो उजव्या हातानं विभूती लावत होता. पंचवीस वर्षं रोज सकाळी हे चाललं होतं, आणि फौजेतून सुटल्यापासून त्याच सकाळी मी औशात आरामात चहा पीत पेपर वाचत होतो. मी दारातच थांबलो.

पूजा झाल्यावर सिद्धम्मा चहा ठेवायला आत गेली. मी कागद काढला आणि मराठीत करून वीरण्णाला वाचून दाखवला.

"परत वाच," तो म्हणाला.

मी परत वाचलं.

"म्हंजी ते तू लिवलास."

"हो."

"अन् मी तुझ्याच ओसरीवर बसून त्येला शिव्या देत हुतो."

"हो."

"कामून, बाबू?"

मी रकान्याचं सांगितलं, रोस्टरचं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"पन त्यात भ्यायचं काय हुतं?" तो म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं. "तुला ताप हुता. तापलेला मानूस डोंगर उतरंल का? तुझ्या अंगावर घोंगडी टाकून मीच गेलतो की. सायबानं इचारलं असतं तर मीच सांगितलो असतो."

त्यानं मला सुटायची वाट करून दिली होती. नुसतं हो म्हणालो असतो तरी निम्मं पाप धुतलं गेलं असतं. पण सकाळची ती पूजा बघितल्यावर माझ्यानं ते होईना.

"ताप नव्हता, वीरण्णा. सकाळपासून गोळे पडत होते. मला भीती वाटली म्हणून मी कण्हत पडलो होतो."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं डावा हात उजव्या हातात घेतला.

"भ्या मलाबी वाटलं हुतं," तो म्हणाला.

एवढंच. त्यानं माझं मुस्काट फोडलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

सिद्धम्मा चहा घेऊन आली. कप माझ्या हातात देत म्हणाली, "शेषेरावभाऊ, हे नेहमी सांगतेत तुमचं. तवा लई ताप हुता म्हनं तुमाला, उभं ऱ्हायला येत नव्हतं. मी म्हनते, हात गेला तर गेला, आजारी मानसाच्या जागी गेला. देवाच्या कामाला गेला. आता बरी हाय न्हवं तब्येत?"

मी वीरण्णाकडं बघितलं. तो कपाकडं बघत होता.

"हाव," तो म्हणाला. "लई ताप हुता त्येला."

बसस्टँडपर्यंत तो माझ्यासोबत आला. वाटेत दोन पोरं त्याच्याकडं बघून हसली. लातूरची गाडी लागलेली दिसल्यावर मी म्हणालो, "उद्याच नोटरी करतो. रामलिंगचंही प्रतिज्ञापत्र मीच तयार करून घेतो. पदक येईल, वीरण्णा."

"त्या कागदात तू कामून गेला न्हाईस ते लिवलास का?"

"नाही. फक्त तुला पाठवलं एवढंच आहे."

"मंग लिव. ताप हुता म्हनून लिव. पदक आलं की वर्षारानी सगळे कागद सासूला वाचून दाखवंल."

"अरे, हे शपथेवर असतं. माझी खोटी ओळ पुसायलाच तर हा कागद आहे."

"मंग काय?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तिच्याकडं दुसरं काय हाय? रोज सकाळी कशासाठी हात धरते ती? तू भ्याला म्हनून?"

कंडक्टरनं घंटी मारली. मी ती गाडी जाऊ दिली. बाकड्यावर बसलो, गुडघ्यावर कागद ठेवला आणि एक ओळ वाढवली. दिनांक, वार आणि त्या दिवशी मला तीव्र ताप असल्याने. अक्षर माझं नेहमीच चांगलं असतं, पण ती ओळ वाकडीतिकडी आली. मी त्याला ती वाचून दाखवली.

वीरण्णानं लक्ष देऊन ऐकलं आणि डावा हात खिशात घातला.

"आता बरोबर हाय," तो म्हणाला.