भिंतीकडची बाजू

मी मितालीच्या दारातली गोणी बोलतेय. पाय खुशाल पुसा; माझ्यावरची लाल अक्षरं तेवढी राहू द्या.

माझा जन्म बंगालकडच्या तागाच्या गिरणीत. तिथून आले पनवेलच्या बाजारात, अय्यूबभाईंच्या दुकानी. त्यांनी माझ्यात कडवे वाल भरले, पाठीवर निळ्या शाईत 'एक्स्पोर्ट क्वालिटी' अशी इंग्रजी अक्षरं छापली आणि कीड लागू नये म्हणून गोदामात आम्हा सगळ्यांवर पांढरी पूड मारली. जरा सढळ हातानंच. भुंगा दिसला तर गिऱ्हाईक मागे फिरतं; पूड कोणाला दिसते?

परक्या बंदरात दिसली. तिथल्या साहेबांनी मूठभर वाल तपासले. औषधाचा अंश त्यांच्या नियमापेक्षा जास्त निघाला, तसा माझ्या पोटावर लाल शिक्का बसला आणि आम्ही परत बोटीत. तिकडच्या माणसांनी हे खायचं नाही, एवढं ठरलं. पनवेलकरांबद्दल कोणी काही बोललं नव्हतं.

अय्यूबभाईंनी मला दुकानात उभी केली. निळी बाजू रस्त्याकडे, लाल बाजू भिंतीकडे.

मितालीची रेवा नुकतीच वरणभात खायला लागली होती. पोरीसाठी उकळलेलं पाणी गाळून पुन्हा उकळणारी ही बाई. निळी अक्षरं वाचून तिचा जीव भांड्यात पडला. बाहेर जाणारा माल आहे ताई, असं अय्यूबभाई म्हणाले. तसं खोटं नव्हतं. तिनं वाल घेतले, वर शेजारच्या कुमुदकाकूंनाही घ्यायला लावले. काकूंची सून गरोदर होती.

मी रिकामी झाले तेव्हा पायपुसण्याला म्हणून तिनं मला मागून नेलं. धुवायला उलटी केली आणि तिचा हात थांबला. शिक्क्यात एकच शब्द होता: रिजेक्टेड. रेवाला वालाचं कढण तिनं आदल्याच दिवशी भरवलं होतं.

ओलीच मला उचलून ती दुकानात गेली.

"त्यांचे कायदे कडक असतात, ताई," अय्यूबभाई म्हणाले. "आपल्याला पचतं."

"तुमच्या नातीला देता हे वाल? नशराला?"

ते तराजूची साखळी सरळ करत राहिले. मग हळूच म्हणाले, "घरात आमची सून हाजरा दुसरे आणते."

ताडताड परत निघालेली मिताली कुमुदकाकूंच्या दाराशी मात्र हळू झाली. न सांगितलं तर कळणार कोणाला? मी तिच्या काखेत होते. लाल बाजू तिनं नकळत अंगाशी धरली होती. तिचं लक्ष गेलं, तशी ती शरमली. मला उलटी केली आणि कडी वाजवली.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "सुनेनं काल दोनदा बिरडं मागून खाल्लं गं," त्या म्हणाल्या. "मीच म्हटलं, मितालीनं पारखलेले वाल आहेत, खा पोटभर."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

काकूंचा नातू आता धावतो, रेवा शाळेत जाते. डॉक्टर म्हणतात, काही नाही. तरी दोघांपैकी कोणाला जरा कणकण आली, की मितालीची नजर आधी दाराकडे, माझ्याकडे वळते. मीही काय सांगणार? माझ्या धाग्यांत किती पूड होती आणि वालांत किती उतरली, मला तरी कुठे कळलं?

मिताली मला घेऊन दुकानात गेली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी उरलेल्या गोण्या अय्यूबभाईंनी टेम्पोत चढवल्या. कुठे गेल्या, ठाऊक नाही. कुठल्याशा दुकानात माझ्या बहिणी अजून निळी पाठ दाखवून उभ्या असतील. कधी तिथे गेलात, तर भाव विचारण्याआधी त्यांना जरा भिंतीपासून फिरवून बघा.