कार्डांची पाठ

ज्या नियमाने आमची वाट अडवली, तो नियम वाचनीय होता. ‘दालनात कोणतेही डिजिटल उपकरण नेता येणार नाही. लेखी अर्ज केल्यास फिल्मचा एक रोल भरलेला कॅमेरा, फ्लॅशशिवाय, वापरता येईल.’ पहिले वाक्य पाच वर्षांपूर्वीचे, दुसरे चाळीस वर्षांपूर्वीचे. पहिले लिहिणाऱ्याने दुसरे वाचलेले नसावे. त्या कोशसंस्थेत वाचन ही ऐच्छिक बाब होती.

दालनाच्या मागच्या भिंतीशी शब्दकोशाची अकरा हजार कार्डे खोक्यांत रचलेली होती आणि शनिवारी ती लगद्याला जाणार होती. ती माझ्या दिवंगत मावशीने लिहिली होती. कोशावर नाव मात्र संपादकांचे होते. ‘सर्व कार्डे मी एकट्याने पूर्ण केल्यानंतर रुजू झालेल्या एका सहायिकेने ती वर्णक्रमाने लावली,’ असे प्रस्तावनेत लिहून त्यांनी पूर्ण केल्याचे सालही दिले होते. एका सहायिकेने! बावीस वर्षांच्या कष्टांची वासलात दोन शब्दांत. कार्डांवरचे अक्षर कार्यालयीन वळणाचे होते. तेव्हा सगळेच तसे लिहीत, त्यामुळे हस्ताक्षराचा उपयोग नव्हता. संपादक आता तैलचित्राच्या रूपाने संस्थेच्या दिवाणखान्यात होते आणि नवी आवृत्ती छपाईच्या वाटेवर. शनिवारनंतर मावशीच्या बाजूने बोलणारे जगात काहीही उरणार नव्हते.

म्हणून मी काकांना घेऊन गेले. काका म्हणजे मावशीचे यजमान. पूल बांधणाऱ्या खात्यात तीस वर्षे छायाचित्रकार. त्यांचा कॅमेरा माझ्यापेक्षा वयाने मोठा, सगळा धातूचा, बॅटरीचे नावही न ऐकलेला. एके काळी ते आकाशाकडे एक नजर टाकून शटर किती वेळ उघडे ठेवायचे ते सांगत आणि चुकत नसत. आता एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला होता, दुसऱ्याचा राहिला होता.

“एक डोळा म्हणतो ऊन आहे, दुसरा म्हणतो संध्याकाळ झाली,” ते म्हणाले होते. “कुणाचं ऐकू?”

मी त्यांच्यासाठी कॅमेऱ्याच्या डोक्यावर, फ्लॅशच्या खोबणीत, सरकवून बसवायचा छोटा प्रकाशमापक, म्हणजे लाइट मीटर, घेतला. काड्यापेटीएवढा. बटण दाबले की इवल्या पडद्यावर दोन आकडे उमटत: भिंगाचे छिद्र किती आणि शटर सेकंदाच्या कितव्या भागाइतके उघडे. काकांनी तो उलटसुलट करून पाहिला. “माझी अख्खी नोकरी या डबीत घातली की गं लोकांनी,” म्हणाले. पण त्याच दिवशी त्यांनी खोबणी साफ करून ठेवली.

दालनाच्या दाराशी अधीक्षकांनी कॅमेरा पाहिला, रोल मोजला (एक), मग बोट मीटरवर ठेवले.

“हे काय?”

“उजेड मोजायचं यंत्र. चित्र घेत नाही.”

“आकडे उजळतात ना मॅडम? म्हणजे डिजिटल.”

“तुमच्या मनगटावरच्या घड्याळातही उजळतात.”

“मी कर्मचारी आहे.” या युक्तिवादाला शास्त्रात उत्तर नाही. मी मीटर काढून दाराबाहेर बसलेल्या शिपाईबाईंच्या हातात दिला.

काका उंबरठ्याच्या आत उभे राहून डोळे मिचकावत होते. खिडक्यांना पडदे, फक्त दारातून स्वच्छ उजेड येत होता. त्यांनी त्या उजेडाची कड निरखली. मग म्हणाले, “साहेब, कार्डं बाहेर न्यायची नाहीत. बरोबर?”

“मुळीच नाही.”

“आणि ही डबी आत आणायची नाही.”

“नाही.”

“मग स्टूल इथे, उंबरठ्याला लागून, आतल्या अंगाला. ताई, तुम्ही तुमच्या खुर्चीवर, बाहेरच बसा. हात पुढे काढायचा नाही. तिथूनच डबी कार्डाकडे धरा नि आकडे सांगा.”

अधीक्षकांनी उंबरठ्याकडे पाहिले, नियमाच्या कागदाकडे पाहिले आणि चहा घ्यायला निघून गेले. तेवढी एकच सद्बुद्धी त्यांना त्या दिवशी सुचली.

शिपाईबाईंनी बटण दाबले. “आठ. साठ.”

“शटर पंधरावर ठेव,” काका मला म्हणाले.

“त्या साठ म्हणाल्या.”

“विदुषी, या यंत्राला सगळं जग करडं वाटतं. पांढरं दाखवलं तरी ते करडं समजूनच हिशेब सांगतं. पांढऱ्या कार्डाला ते सांगेल त्याच्या चौपट उजेड द्यायचा. नाहीतर कागद राखेसारखा येईल आणि तिची शिसपेन्सिल त्यात बुडेल.”

पांढऱ्याला आणि काळ्याला एकाच मापाने करडे ठरवणारे यंत्र मला नवीन नव्हते. त्याची मोठी आवृत्ती, संस्थेची समिती, दिवाणखान्यातल्या तैलचित्राखाली दर महिन्याला बैठक भरवत असे. मी शटर पंधरावर आणले.

रोलमध्ये छत्तीस चित्रे. छत्तीस कार्डांची माझी यादी तीन महिन्यांच्या अभ्यासातून तयार झाली होती: ज्यांच्या व्याख्यांतली वाक्यरचना मावशीच्या पत्रांशी जुळते, अशी. शैलीचा पुरावा. मला त्या यादीचा अभिमान होता. मी कार्ड मांडायचे, बाईंनी आकडे सांगायचे, काकांनी बरा डोळा कॅमेऱ्याला लावून शटर सोडायचे. बावीस चित्रे अशी झाली.

तेविसावे कार्ड माझ्या हातून निसटले आणि उंबरठ्याशी पालथे पडले. शिपाईबाई सवयीने वाकून वाचू लागल्या. “आठ, एकशेपंचवीस...” मग थांबल्या. “अगंबाई, मी तर बटण दाबलंच नाही. हे इथं लिहिलेलं आहे.”

काकांनी कार्ड उचलले आणि बऱ्या डोळ्याजवळ धरले.  त्यांची मान हळूहळू खाली गेली.

“माझं अक्षर आहे,” ते म्हणाले. “पूल. खांब चौथा. ऊन. आठ, एकशेपंचवीस.”

प्रत्येक चित्राची अशी नोंद ते खात्याच्या जाड तपकिरी कागदावर करत. काम संपले की कागद घरी पडून राहत. “हे लागणार आहे का तुम्हाला, असं तुझी मावशी विचारायची. मी म्हणायचो, टाक. मला वाटलं, टाकते.” तिने ते टाकले नव्हते. त्यांना पांढरा कागद चिकटवून, एका मापाने कापून, तिने त्यांची कार्डे केली होती. संस्था तिला कार्डेसुद्धा देत नव्हती.

मी खोक्यातले दुसरे कार्ड उलटे केले. खांब दुसरा. तिसरे: तुळई, ढगाळ. त्या पुलाची कोनशिला आजही जागेवर आहे, येणाराजाणारा कुणीही वाचू शकतो. तिच्यावरचे साल, संपादकांनी ‘सर्व कार्डे पूर्ण’ केल्याच्या सालानंतर तीन वर्षांनी येते. जो पूल अजून उभाच नव्हता, त्याच्या खांबावर त्यांनी व्याख्या लिहिल्या होत्या! आणि मी, जी तीन महिने त्या व्याख्यांतली क्रियापदे मोजत होते, मी एकही कार्ड कधी उलटे केले नव्हते. माझा राग त्या क्षणी पहिल्यांदा माझ्याकडे वळला आणि त्याला तिथे बसायला ऐसपैस जागा मिळाली.

“पाठीचे वेगळे फोटो नकोत,” मी म्हणाले. “म्हणतील, दुसऱ्याच कशाचे आहेत. पुढची नि मागची बाजू एकाच चित्रात हवी.”

“ताई, पर्समध्ये आरसा आहे?” काकांनी विचारले.

“आहे की. आरसा डिजिटल नाही ना?” बाईंनी आरसा दिला.

काकांनी तो स्टुलावर टेकवून उभा केला आणि त्याच्यासमोर मला कार्ड तिरपे धरायला सांगितले. समोर व्याख्या, आरशात खांब. दोन्ही स्पष्ट यावेत म्हणून छिद्र लहान केले, म्हणजे आकडा मोठा.

“सोळा. पंधरा.”

“शटर आठवर घे. अर्धं पांढरं, अर्धं तपकिरी. दुप्पट पुरे. पाठ एकटी असती, तर डबीचंच ऐकलं असतं.”

तेरा चित्रे अशी झाली. एक उरले आणि हातात दोन कार्डे होती. एकाच्या पाठीवर, साऱ्या खोक्यात एवढ्या एकाच ठिकाणी, पूर्ण तारीख आणि पुलाच्या अभियंत्याची सही होती. दुसरे काका मघापासून धरून बसले होते. मी वाकून वाचले: ‘खिडकी. ती वाचतेय. ढगाळ. चार, तीस.’ पुढच्या बाजूला ‘झारी’ या शब्दाची व्याख्या होती. अचूक, तीन ओळींची.

 तारखेशिवाय समिती पुरावा फेटाळेल, हे मला पक्के ठाऊक होते. त्यांनाही ठाऊक होते.

“सहीचं लाव,” ते म्हणाले.

“काका...”

“ती मला आठवते गं. नाव लोकांना आठवायला हवं.” त्यांनी झारीचे कार्ड वर्णक्रमात, बरोबर जागी परत ठेवले.

शनिवारी खोकी गेली.

आमची चित्रे पुढे आल्यावर समितीने चार बैठका घेतल्या. नकार देणे कोनशिला उखडल्याशिवाय शक्य नव्हते. होकार देणे तैलचित्रासमोर अवघड होते. अखेर आवृत्ती जुन्याच मुखपृष्ठासह निघाली आणि आत शुद्धिपत्राची एक चिठ्ठी सरकवलेली होती. ‘मुखपृष्ठावर संपादक म्हणून छापलेल्या नावाच्या जागी’ पुढील नाव वाचावे, आणि पुढे मावशीचे संपूर्ण नाव. अकरा हजार शब्द जमवणाऱ्या बाईला छपाईतल्या चुकांच्या यादीत जागा मिळाली होती. पण जागा पहिली होती.

मी ती चिठ्ठी काकांना नेऊन दिली. त्यांनी नाव दोनदा वाचले. मग कागद अंगठ्याने चाचपला.

“बरा जाड आहे,” म्हणाले आणि चिठ्ठी उलटी केली. पाठ कोरी होती. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि सावकाश, जुन्या अक्षरात लिहिले: खिडकी. ती वाचतेय. ढगाळ. चार, तीस.