ताईचा आवाज कंपनीकडे होता

माझ्या थोरल्या बहिणीने, ताईने, घशाच्या ऑपरेशनआधी आपला आवाज एका कंपनीकडे ठेवायला दिला. ताई-भावोजींच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत, इस्त्र्या बंद करून, ती कंपनीने पाठवलेली वाक्यं घसा दुखेस्तोवर वाचायची. पाऊस पडेल, गाडी उशिरा येईल, असली. तुमचा आवाज कायम तुमचाच, असं कंपनी म्हणायची. आम्ही भोळसट. घरात कुणी तिचं एक वाक्यही वेगळं जपून ठेवलं नाही. कंपनीकडे आहे ना!

ऑपरेशनमध्ये आवाज गेला. पण ताई टाइप करायची आणि फोन हुबेहूब तिच्या आवाजात बोलायचा. गिऱ्हाइकं दबकून असायची. भावोजींची खरडपट्टी तर पूर्वीसारखीच निघायची. अख्खं आयुष्य लोकांचे कपडे वाळवण्यात गेलेला माणूस, आणि घरी ओला टॉवेल रोज पलंगावर!

मग कंपनीचा मेल आला. ताईला वाचायचा कंटाळा, ती मेल फोनकडूनच वाचून घ्यायची. त्यामुळे सेवा बंद होतेय ही बातमी आम्ही ताईच्याच आवाजात ऐकली. या सुंदर प्रवासात साथ दिल्याबद्दल आभार म्हणे. शी! किळस आली मला. आवाज परत मिळणार नव्हता, पण दुसरे छान आवाज निवडता येणार होते. आवाज म्हणजे काय पडद्याचं कापड आहे? मी फोन करकरून भांडले. पालथ्या घड्यावर पाणी. तिथेही मशीनच बोलत होतं.

शेवटच्या दिवशी मी जुना रेकॉर्डर फोनजवळ धरला आणि ताईला म्हटलं, हवं ते बोलून घे. वाटलं, भावोजींसाठी काही गोड बोलेल. तिने बराच विचार करून टाइप केलं.

"अहो, टॉवेल पलंगावर टाकायला लाज नाही वाटत?" फोन म्हणाला.

पुढचं टाइप करून तिने बटण दाबलं, तर फोन मुका. सांगितलेल्या वेळेआधीच बंद केलं हलकटांनी. ती स्क्रीनकडे बघत राहिली. काय लिहिलं होतं ते तिने मला दाखवलं नाही.

आता दुसऱ्या एका कंपनीची जाहिरात येते, आवाज कायमचा जपा म्हणून. थुंकते मी त्यांच्या कायमवर.

परवा सकाळी मी ताईकडे गेले, तर भावोजी दोरीवरचा वाळलेला टॉवेल काढून नळाखाली भिजवत होते. तो त्यांनी पलंगावर टाकला. मग खुर्ची ओढून, ताई रेकॉर्डरचं बटण दाबेपर्यंत, वाट बघत बसले.