गच्चीवरच्या बारा नळ्या

विनायक मास्तरांना बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यात लोक अर्धवट म्हणत, आणि खरं सांगायचं तर लोकांचा फारसा दोष नव्हता. शाळेत विज्ञान शिकवणारा शहाणासुरता माणूस गच्चीवर काचेच्या बारा नळ्या मांडून बसतो, म्हणजे काय! नळ्यांत स्पिरिट, त्यात चिमूटभर लोखंडाचा क्षार. ऊन लागलं की ते लोखंड स्पिरिटमधला हायड्रोजन काढून घेतं, आणि तेवढंच लोखंड पुन्हा पुन्हा राबतं, असं मास्तरांचं म्हणणं. सहा नळ्या उघड्या उन्हात, सहा काळ्या फडक्यात गुंडाळलेल्या. चाळीस दिवसांनी नागपूरचे एक प्राध्यापक त्या तपासणार होते. पण ते छप्पन्न सालच्या एक नोव्हेंबरच्या आत व्हायला हवं होतं. त्या दिवशी नागपूर मुंबई राज्यात जाणार आणि बुऱ्हाणपूर भोपाळकडे. मग इकडचं काम तिकडे कोण हातात घेणार?

मास्तर शाळेत गेले की नळ्या सांभाळायची त्यांची आई, धुरपदाबाई. पापड राखावेत तशा राखायची, सावली आली की सरकवायची. संध्याकाळी सांगायची, "विन्या, तुह्या नळ्याईनं आज लई ऊन खाल्लं."

अडतिसाव्या दिवशी सकाळी ती गेली. चुलीपुढे बसली ती उठलीच नाही.

मास्तर तापीवरून परतले तेव्हा गच्चीवर नळ्या धुऊन पालथ्या घातलेल्या होत्या. मयत झालेल्या घरात भरलेलं पाणी ठेवत नाहीत. शेजारच्या सोजरबाईंनी हंडे-कळशा ओतल्या, तशा नळ्याही ओतल्या. आता एक नोव्हेंबरच्या आत आणखी चाळीस दिवस कुठून आणायचे? पण रडून डोळे सुजलेल्या बाईवर ओरडणार तरी कसं?

"चुकलं का भाऊ?" सोजरबाई घाबरल्या. "उघड्या नळ्याईच्या पान्याले पिकल्या फळावानी वास येत होता. मले वाटलं, सडलं. फडक्यातल्याले तसा नव्हता, निस्ता दारूचा होता."

हायड्रोजन गेलेल्या स्पिरिटला येतो तोच वास! हायड्रोजन निघाला होता. त्यांचं म्हणणं खरं ठरलं होतं, आणि साक्षीला एकट्या सोजरबाई. नागपूरला ही साक्ष कोण मानणार?

पण त्या क्षणी त्यांना नागपूर आठवलंच नाही. ते धडाधड जिना उतरले आणि "आई, जमलं गं!" म्हणत थेट स्वयंपाकघरात शिरले.

चूल थंड होती. आई बसायची त्या जागेवर पिठावर मयताचा दिवा लावून ठेवला होता.